हळदीचा जीनोम करायचाय? मग आधी पोंगा नीट कापायला शिका

सांगलीत मार्केट यार्डात कुठल्याही अडत्याला विचारा, हळकुंड मोडून आतला रंग बघून तो सांगेल राजापुरी आहे का सेलम. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. आता बॉटनी बायोटेकवाली आपल्याकडची पोरं विचारत असतात, दादा हळदीचा जीनोम करायचाय, म्हणजे तिचा सगळा डीएनए वाचून काढायचाय, मशीन कुठलं चांगलं, पॅकबायो का नॅनोपोर. मी म्हणतो मशीनचं नंतर बघू, आधी सांग झाड कुठलं घेतलंयस आणि त्याची प्लॉइडी, म्हणजे गुणसूत्रांचे संच किती, तुला माहितीय का. हळदीत निम्मं काम शेतात आणि पान कुटायच्या मोर्टारमध्ये ठरतं, उरलेलं त्या तीन तीन गुणसूत्रांच्या भानगडीत अडकतं, मधलं मशीन काय, पैसे भरले की चालतंय.

तर आधी गडी समजून घ्या. आपली लागवडीची हळद ट्रिप्लॉइड आहे, एकूण ६३ गुणसूत्रं, म्हणजे २१ चे तीन संच. माणसाची ४६, आल्याची २२. तीन संच असल्यामुळे बी धरायची बोंब, म्हणून पिढ्यानपिढ्या आपण गड्डेच लावत आलोय आणि शेतातलं प्रत्येक झाड कुठल्या तरी जुन्या झाडाची जशीच्या तशी कॉपी आहे. याचा एक फायदा पण आहे, एकाच गड्ड्यापासून वाढवलेली सगळी झाडं जवळपास एकच डीएनए घेऊन असतात, त्यामुळे टिश्यू कमी पडला तर त्याच्याच भावंडाचा घेता येतो.

दुसरी गोष्ट, हे काम कुणी केलंच नाही असं समजून प्रपोजल लिहू नका. भोपाळच्या आयसर या विज्ञान संस्थेच्या लोकांनी २०२१ ला हळदीचा ड्राफ्ट जीनोम छापलाय, १.०२ गिगाबेसचा (गिगाबेस म्हणजे डीएनएची शंभर कोटी अक्षरं), त्यात ५०,४०१ जीन आणि साधारण ७० टक्के भाग नुसता रिपीट, म्हणजे तीच तीच अक्षरं परत परत. काळी मिरी २०१९ ला झाली, आलं २०२१ ला. त्यामुळे 'पहिल्यांदाच' हा शब्द खोडा आणि नेमकं काय नवीन करणार ते लिहा, राजापुरीचे तिन्ही संच वेगळे करून दाखवणार असाल तर ते खरं काम आहे.

झाड निवडणं

शेतातल्या प्लॉटवर जाऊन चार झाडांची पानं एकत्र खुडून आणायची नाहीत. बेणं विकत घेताना त्यात भेसळ असतेच, राजापुरीच्या वाफ्यात सेलम सापडते, आणि मिसळलेल्या पानांचा डीएनए वाचला की नंतर कुठला फरक एकाच झाडातल्या तीन संचांमधला आणि कुठला दोन वेगळ्या झाडांमधला हे ब्रह्मदेवालाही कळत नाही. एक गड्डा घ्या. शक्यतो कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रासारख्या ठिकाणचं खात्रीचं बेणं घ्या, फुले स्वरूपा, कृष्णा हे वाण तिथलेच. तो एक गड्डा कुंडीत लावा, पुढच्या वर्षी त्याचेच तुकडे करून वाढवा, पाटी लावा आणि एक झाड दाबून वाळवून हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाला जमा करा, नंबर घ्या. पेपर पाठवल्यावर वर्षभराने रिव्ह्यूअर म्हणतो अजून थोडा आरएनए करून दाखवा, तेव्हा ते झाड जिवंत पाहिजे.

मग हंगाम. लावण अक्षय तृतीयेच्या आसपास, म्हणजे कोवळा पाला मिळतो जून ते ऑगस्टमध्ये. ग्रांट मंजूर होते नेमकी फेब्रुवारीत, तेव्हा शेतात हळद काढून शिजवायची घाई चाललेली असते, हिरवं पान औषधाला नाही, आणि नुकताच काढलेला गड्डा लगेच कोंब पण काढत नाही, तो काही आठवडे झोपलेलाच असतो. म्हणून कुंड्यांची सोय आधीच करून ठेवायची.

नमुना घ्यायचा तो पोंग्याचा. उघडलेलं मोठं पान नको, मधली गुंडाळलेली फिकट सुरळी घ्या, त्यात पेशी लहान लहान आणि दाटीवाटीने असतात म्हणजे तेवढ्याच वजनात न्यूक्लियस जास्त, आणि नको ती रसायनं कमी. कापायच्या आधी झाड एक दोन दिवस अंधारात ठेवलं तर पानातला स्टार्च उतरतो. गड्डाच अंधाऱ्या खोलीत कोंब काढायला ठेवला आणि ते पांढरट पिवळे कोंब घेतले तर अजूनच बरं, क्लोरोप्लास्टचा डीएनए पण कमी येतो, नाहीतर विकत घेतलेल्या डेटातला बराच हिस्सा क्लोरोप्लास्टच खाऊन टाकतो. गड्ड्यातून डीएनए काढायच्या नादाला मात्र लागू नका. स्टार्च, कर्क्युमिन, तेल, सगळं एकदम अंगावर येतं.

कापल्या कापल्या लिक्विड नायट्रोजनमध्ये. तो उणे १९६ डिग्रीचा असतो, हातमोजे चष्मा घालून, आणि बंद गाडीत काचा लावून तो कॅन न्यायचा नाही कारण वाफ होऊन आतला ऑक्सिजन कमी होतो. खेडेगावात नायट्रोजन कुठून आणायचा असं विचारतात, तर म्हशींना रेतन करणाऱ्या डॉक्टरांकडे असतो की, त्यांच्या सिमेनच्या कांड्या त्यातच ठेवलेल्या असतात. दूध संघाला विनंती केली तर भरून पण मिळतो. सिलिका जेलमध्ये पानं वाळवून आणणं साध्या पीसीआरला चालतं, इथं चालत नाही, लांब डीएनए तुटून जातो.

डीएनए काढणं, म्हणजे खरा घाम इथं

लाँग रीड मशीन डीएनएचे लांब तुकडे सलग वाचतं (वाचलेला एक तुकडा म्हणजे रीड), त्याला लांब डीएनए पाहिजे, बहुतेक तुकडे ५० हजार बेसच्या वरचे पाहिजेत. आणि हळदीच्या पानात फिनॉल आणि पॉलिसॅकराइड ठासून भरलेत. साध्या किटने डीएनए येतो पण तो दोन्हीकडून फसवतो, तुटका पण असतो आणि घाण पण. मला विचाराल तर आधी न्यूक्लियस वेगळे करा. नायट्रोजनमध्ये पावडर करा, थंड बफरमध्ये ढवळा, जाळीच्या कापडातून गाळा, हळू सेंट्रिफ्यूज करा, न्यूक्लियस खाली बसतात आणि क्लोरोप्लास्ट, रस, बराचसा चिकटपणा वरच्या पाण्याबरोबर ओतून जातो. मग त्या न्यूक्लियसवर ते फोडून डीएनए मोकळा करणारा सीटॅब बफर, त्यात मीठ जास्त म्हणजे पॉलिसॅकराइड डीएनएबरोबर खाली येत नाहीत, पीव्हीपी आणि बीटा मरकॅप्टो म्हणजे फिनॉल काळे पडून डीएनएला चिकटत नाहीत. बीटा मरकॅप्टो फ्यूम हूडमध्येच, आख्ख्या डिपार्टमेंटला वास येतो आणि तो वास नुसता घाण नाही, विषारी पण आहे. नंतर क्लोरोफॉर्म आयसोअमाइल २४ ला १, आरएनए खाणारं आरएनेज, आणि आयसोप्रोपॅनॉल.

आयसोप्रोपॅनॉल टाकल्यावर ट्यूब डोळ्यासमोर धरून बघा, इथंच सगळं कळतं. हळूच उलटीपालटी केली की पांढरे तंतू एकमेकात गुंतत एक गोळा व्हायला पाहिजे, तो काचेच्या हुकने उचलता येतो. त्याऐवजी खळीसारखं गिळगिळीत काहीतरी खाली बसलं तर ते पॉलिसॅकराइड. तपकिरी रंग आला तर फिनॉल. दोन्ही बाबतीत पुढं शुद्धीकरणाच्या कॉलमवर चालवून बघतो वगैरे करत बसण्यापेक्षा नवीन पोंग्यापासून सुरू केलेलं परवडतं. आणि या सगळ्यात व्हॉर्टेक्स नाही, जोरात पिपेटिंग नाही, टिपचं टोक कापून रुंद करून वापरायचं, काढलेला डीएनए परत परत फ्रीझरमध्ये गोठवायचा नाही, चार डिग्रीवर ठेवायचा.

तपासताना नॅनोड्रॉप, म्हणजे प्रकाश किती शोषला ते मोजणारं मशीन, त्या एकट्यावर विश्वास नको. २६०/२८० साधारण १.८, २६०/२३० दोनच्या आसपास, ही शोषणाची गुणोत्तरं शुद्धता सांगतात, ती बघाच, पण सोबत फक्त डीएनए मोजणारं क्यूबिट पाहिजे. नॅनोड्रॉप म्हणतो ३०० नॅनोग्रॅम आणि क्यूबिट म्हणतो १००, म्हणजे उरलेलं २०० हे आरएनए किंवा दुसरंच काही आहे, डीएनए नाही. लांबी बघायला पल्स्ड फील्ड जेल किंवा फेम्टो पल्स. साध्या ॲगरोजवर २० हजार बेस आणि २ लाख बेस दोन्ही वरच्या एकाच पट्टीत दिसतात, ती पट्टी बघून लोक खूश होतात आणि सँपल पाठवून देतात. सेंटरवाले पण क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी फेल म्हणून मेल टाकायला वेळ लावतात, तोवर हंगाम गेलेला असतो.

किती डेटा मागवायचा

हा हिशोब कागदावर करा, कोटेशन मागवायच्या आधी. एक संच साधारण १ गिगाबेस धरला तर तिन्ही मिळून ३. प्रत्येक संच ३० वेळा वाचला जावा असं वाटत असेल तर ३० गुणिले ३, म्हणजे ९० गिगाबेस हायफाय रीड (पॅकबायोचे अचूक रीड). ट्रिप्लॉइड आहे हे विसरून '१ गिगाबेसचा जीनोम, ३० एक्स' म्हणून ३० गिगाबेस मागवले तर प्रत्येक संचाच्या वाट्याला १० च येतात आणि मग असेंब्लीत, म्हणजे रीड जोडून बांधलेल्या जीनोममध्ये, भोकं पडली की सॉफ्टवेअरच्या नावाने शंख करायचा. हायफाय रीड १५ ते २० हजार बेसचे आणि ९९.९ टक्क्यांच्या आसपास अचूक, म्हणून पॉलिप्लॉइडला, म्हणजे दोनाहून जास्त संचवाल्याला, मी तेच घ्या म्हणेन, कारण दोन संचातला फरक शंभर बेसमागे एखादा असला तर रीडमधली चूक त्यापेक्षा फार कमी पाहिजे, नाहीतर फरक कुठला आणि चूक कुठली. नॅनोपोरचे रीड जास्त लांब जातात, रिपीट ओलांडायला ते भारी, पैसे उरले तर थोडे तेही घ्या.

त्याशिवाय हाय-सी पाहिजे. त्यात न्यूक्लियसमध्ये जे डीएनए एकमेकांच्या जवळ आहेत ते फॉर्मल्डिहाइडने जागेवर चिकटवून, कापून, जोडून मग वाचतात. एकाच गुणसूत्रावरचे तुकडे एकमेकांना जास्त वेळा भेटतात एवढ्या एका गोष्टीवर तुकड्यांचं गुणसूत्र बांधता येतं. याला शुद्ध डीएनए चालत नाही, गोठवलेला पोंगाच पाठवावा लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी जास्तीचा कापून उणे ८० ला ठेवा. आणि आरएनए पान, मूळ, गड्डा असा वेगवेगळा, गड्ड्याचा तर लहान मोठा दोन तीन वयाचा.

कंपनीला ऑर्डर देताना लेखी घ्या की कच्चा डेटा सगळा मिळणार, मशीनमधून आलेल्या बॅम फाइलसकट, आणि फाइल धड पोचली का ते तपासायच्या एमडी५ चेकसमसकट. नुसता पीडीएफ रिपोर्ट देऊन बोळवण करणारे पण आहेत.

असेंब्लीच्या आधी के-मर

डेटा आला की लगेच असेंबलर चालवायचा मोह होतो, थांबा. आधी जेलीफिश किंवा केएमसी या प्रोग्रॅमने २१ अक्षरांचे तुकडे, म्हणजेच के-मर, मोजा आणि जीनोमस्कोप २ मध्ये आलेख टाका. प्रत्येक संच ३० वेळा वाचलेला असेल तर ३०, ६० आणि ९० ला उंचवटे दिसतील, ३० वाले एकाच संचात असलेले तुकडे, ६० वाले दोन संचात सारखे असलेले, ९० वाले तिन्हीत सारखे. तिथं प्लॉइडी ३ टाकायची. ती डिफॉल्टला २ असते आणि २ वरही तो प्रोग्रॅम गुमान एक रेघ बसवून आकडा काढून देतो, एरर येत नाही, फक्त जीनोमचा आकार चुकतो. सोबत स्मजप्लॉट करा, त्यात दोन संच एकमेकांच्या जवळचे आणि एक लांबचा असा नमुना दिसतो का ते कळतं. शक्य असेल तर फ्लो सायटोमेट्री पण करून घ्या, ताज्या पानाची, त्यात न्यूक्लियसमधला डीएनए वजनात मोजतात, १ पिकोग्रॅम म्हणजे ९७८ मेगाबेस हे लक्षात ठेवलं की हिशोब जुळवता येतो. दोन्ही आकडे जवळपास आले तरच पुढं जा.

हे बघून घाबरायला होत असेल तर आपल्याच भागातला ऊस बघा, आर ५७० या वाणाचा जीनोम २०२४ ला आला, त्यात शंभरावर गुणसूत्रं आणि बाराच्या आसपास संच. त्यापुढं हळद सोपी म्हणायची. आणि साताऱ्याच्या पोरांनी तर आलंच करावं, कोरेगावकडं पाहिजे तेवढं मिळतं, डिप्लॉइड आहे, ११ चे दोन संच, शिकायला लय बेस्ट.

आता असेंब्ली

हायफायएएसएम हा असेंबलर वापरा. कमांड एका ओळीची आहे, खरी मेहनत आउटपुट समजण्यात आहे. तो डिफॉल्टने दोन हॅप्लोटाइपच्या, म्हणजे एकेका संचाच्या, फाइल देतो, हॅप १ आणि हॅप २, आणि हळदीत संच तीन आहेत, मग तिसरा गेला कुठं? तो या दोघात विखुरला जातो, थोडा इकडे थोडा तिकडे. म्हणून त्या दोन फाइल घेऊन 'आम्ही हॅप्लोटाइप वेगळे केले' असं लिहू नका. तिन्ही वेगळे पाहिजेत तर युनिटिग फाइलपासून (त्यात बिनशंकेचे तेवढेच तुकडे जोडलेले असतात) सुरू करा आणि ऑलहायसी किंवा हॅपहायसी सारख्या पॉलिप्लॉइड समजणाऱ्या प्रोग्रॅमने हाय-सीच्या जोरावर ६३ गट पाडा. एवढं नको, एकच प्रातिनिधिक २१ गुणसूत्रांचा जीनोम पुरे असेल तर प्रायमरी कॉन्टिग फाइल घ्या (कॉन्टिग म्हणजे रीड जोडून झालेला सलग तुकडा), पर्ज डुप्सने जास्तीच्या प्रती काढा आणि हाय-सीवरून कॉन्टिग ओळीत लावणारा याहास चालवा. पर्ज करताना कटऑफ स्वतः आलेख बघून द्या, आपोआप काढलेला कटऑफ डिप्लॉइड धरून असतो. पहिल्या वेळी दुसराच मार्ग घ्या असं माझं मत, तिसऱ्या संचाच्या मागे लागून प्रोजेक्टची मुदत संपलेली बरीच मंडळी आहेत.

मशीन लागतं दणकट, रॅम २०० ३०० जीबी तरी हाताशी असावी आणि डिस्क दोनेक टीबी. लॅपटॉपवर होत नाही, विचारू पण नका. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटर आहे, विद्यापीठाचा सर्व्हर असतो, गाइडच्या ओळखीने अकाउंट काढून घ्या, आणि जॉब टाकताना स्क्रॅच डिरेक्टरी, म्हणजे तात्पुरत्या फाइलींची जागा, कधी साफ होते ते विचारून घ्या.

कचरा काढणं लोक विसरतात. हळद मातीतली, तिच्यात बुरशी, बॅक्टेरिया राहतातच, कंदकूज लागलेल्या प्लॉटमधलं झाड असेल तर ती कूज आणणारं पिथियम पण वाचलेलं असणार. एनसीबीआयचं एफसीएस टूल चालवून परके कॉन्टिग काढा. क्लोरोप्लास्टचा गोल साधारण १ लाख ६० हजार बेसचा असतो, तो वेगळा करून ठेवा, टाकून देऊ नका.

मग हाय-सीचा नकाशा ज्यूसबॉक्समध्ये उघडा आणि हाताने बघा. कर्णावर गडद चौकोन, प्रत्येक चौकोन एक गुणसूत्र. चौकोनाच्या आत कर्णापासून लांब एखादा गडद ठिपका दिसला तर तिथं तुकडा चुकीच्या जागी किंवा उलटा बसलाय, तो कापून, फिरवून जागेवर ठेवायचा. डोळे दुखतात, मान दुखते, पण हे काम कुठलाच प्रोग्रॅम माणसाइतकं चांगलं करत नाही. गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टीटीटीएजीजीजी हा टेलोमियरचा रिपीट सापडला तर समजा टोकापर्यंत पोचलात.

चांगलं झालं का ते कसं ओळखायचं

एन५० सांगून छाती फुगवू नका. कॉन्टिग मोठ्यापासून लहान लावले, बेरीज करत गेलो, निम्मा जीनोम ज्या कॉन्टिगला पूर्ण होतो त्याची लांबी म्हणजे एन५०, आणि चुकीचे तुकडे जोडले तरी तो वाढतोच की. बुस्को करा, म्हणजे जवळपास सगळ्या झाडांत एकेकच असायला हवेत ते जीन सापडतात का बघा, एम्ब्रियोफायटाच्या (जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती) ओडीबी१० सेटमध्ये १,६१४ जीन आहेत, लिलिओप्सिडामध्ये (एकदलीय) ३,२३६, हळद एकदलीय म्हणून दुसरा जास्त कडक. २१ गुणसूत्रांच्या असेंब्लीत डुप्लिकेट फार जास्त आले तर पर्ज नीट झालेलं नाही, पण तिन्ही संच ठेवलेल्या असेंब्लीत डुप्लिकेट ढीगभर येणारच, तिथं घाबरू नका. मर्क्युरी प्रोग्रॅम अचूकतेचा आकडा देतो, क्यूव्ही, तो ४० म्हणजे १० हजार बेसमागे एक चूक, ५० म्हणजे लाखामागे एक. हायफायवर ५० च्या खाली आलात तर मागे जाऊन बघा.

ॲनोटेशनवर, म्हणजे जीन कुठं आहेत ते ओळखण्यावर, थोडक्यात सांगतो, आधी ईडीटीए किंवा रिपीटमॉडेलरने रिपीट शोधून रिपीटमास्करने झाका, मग जीन शोधणाऱ्या ब्रेकर३ ला आरएनए आणि प्रोटीन दोन्ही द्या. आलेली जीनची यादी तशीच पेपरात चिकटवायच्या आधी कर्क्युमिन बनवणारे जीन हाताने तपासा, डीसीएस आणि कर्स १, २, ३, हे सगळे एकमेकांसारखे दिसतात आणि प्रोग्रॅम दोन शेजारच्या जीनचा एकच करून टाकतो. आणि एवढं करून 'राजापुरीला भाव का मिळतो ते सापडलं' असं पेपरवाल्यांना सांगू नका, रंग जमिनीवर, शिजवण्यावर, वाळवण्यावर पण असतो, एका झाडाच्या जीनोममधून ते निघत नाही. त्यासाठी मग वेगवेगळ्या वाणांची बरीच झाडं रीसिक्वेन्स करून या असेंब्लीवर बसवायची, तो पुढचा प्रोजेक्ट.

पैसेच नसतील तर? मग क्लोरोप्लास्ट करा. दोन चार गिगाबेस शॉर्ट रीड, गेटऑर्गनेल प्रोग्रॅम, बऱ्यापैकी डेस्कटॉपवर होतं, एमएस्सीच्या डेझर्टेशनला भरपूर आहे आणि हळदीच्या भाऊबंदात कोण कुठं बसतं ते पण दाखवता येतं.

शेवटी डेटा जमा करा, एनसीबीआयला किंवा फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरला. परदेशी लॅब सोबत असेल किंवा नमुना देशाबाहेर जाणार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी कुरिअर करायच्या आधी काढायची, नंतर नाही. बायोसँपलच्या फॉर्ममध्ये नुसतं 'टर्मरिक, इंडिया' टाकू नका, वाण, गाव, तालुका, बेणं कुठून आणलं, हर्बेरियम नंबर, कुठला टिश्यू, कुठल्या महिन्यात कापला, सगळं भरा. ज्या शेतकऱ्याकडून बेणं घेतलं त्याला विचारून आभारात नाव घाला, आणि डिग्रजला एक कॉपी पेन ड्राइव्हवर देऊन या.